‘ऑप्शनल’ची खूण आणि किल्नचा ट्रिप

पीएलसीच्या रॅकमधली शक्य तितकी मॉड्यूल ‘ऑप्शनल’, म्हणजे ऐच्छिक ठरवून टाकावीत, म्हणजे त्यातले एखादे बिघडले, सैल झाले किंवा दुरुस्तीसाठी काढले तरी सीपीयू थांबणार नाही आणि उत्पादन चालू राहील, असे एक मत औद्योगिक ऑटोमेशनच्या धंद्यात चांगलेच रुळलेले आहे. कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा सुरू करून देण्याच्या, घाईत ते शहाणपण म्हणून सांगितले जाते, हस्तांतराच्या वेळी सोय म्हणून विकले जाते आणि पुढे कारखान्याची रीत होऊन बसते. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा येथे कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची जी दाटी आहे, तिथे या मताला अधिकच वजन येते, कारण तिथली मुख्य यंत्रणा अशी आहे की ती सहज थांबवता येत नाही आणि थांबली तर सहज सुरूही करता येत नाही. प्रस्तुत प्रतिवाद या मताविरुद्ध आहे. मात्र त्याच्या उलट टोकाचे, ‘सगळेच अनिवार्य’ हे मत उचलून धरण्याचा त्यात हेतू नाही.

आधी शब्दांचा अर्थ. पीएलसी म्हणजे यंत्रांना आज्ञा देणारा औद्योगिक संगणक. अमेरिकेत १९६८-६९ च्या सुमारास ‘मॉडिकॉन ०८४’ या नावाने तो अवतरला, तेव्हापासूनच मध्यभागी मेंदू आणि त्याच्या शेजारी गरजेप्रमाणे लावायची इनपुट-आउटपुटची कार्डे ही मोकळी रचना त्याची ओळख राहिली आहे. या कार्डांनाच मॉड्यूल म्हणतात. प्रोग्राम लिहिणारा अभियंता सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या खाचेत कोणते मॉड्यूल आहे याची मांडणी करतो, तिला कॉन्फिगरेशन म्हणतात, आणि प्रत्यक्ष रॅक या मांडणीशी जुळला नाही तर काय करायचे हेही त्याच वेळी ठरवतो. हा निर्णय वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या नावांनी समोर ठेवला आहे. बी अँड आरच्या प्रणालीत प्रत्येक मॉड्यूलवर देखरेख हवी की नको असा पर्याय असतो आणि देखरेखीखालचे मॉड्यूल सापडले नाही तर कंट्रोलर सर्व्हिस मोडमध्ये जातो. रॉकवेलच्या प्रणालीत एखाद्या मॉड्यूलशी असलेले कनेक्शन तुटल्यास कंट्रोलरने ‘मेजर फॉल्ट’ घ्यावा की नाही याची चौकट असते. कोडेसिसमध्ये इथरकॅटच्या उपकरणापुढे ‘ऑप्शनल’ अशीच चौकट आहे. सीमेन्सच्या एस७-१५०० मध्ये रॅक जुळत नसतानाही सीपीयू सुरू करावा की नाही हे विचारले जाते आणि तिथे आयता दिलेला पर्याय ‘सुरू करावा’ हाच आहे. प्रश्न सगळीकडे एकच आहे आणि उत्तर चौकटीतल्या एका टिकेचे आहे. वादाचे मूळ या सोपेपणातच आहे.

पूर्वपक्षाची बाजू त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. दिवसाला ३५० टन क्षमतेची स्पंज आयर्नची किल्न म्हणजे साधारण ७२ मीटर लांब आणि ४.२ मीटर व्यासाचे, किंचित उतरते बसवलेले, मिनिटाला एकापेक्षाही कमी फेरे घेणारे पोलादी नळकांडे. आत लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट यांचे मिश्रण हजार अंशांच्या आसपास तापत पुढे सरकते आणि खनिजातला ऑक्सिजन निघून जाऊन स्पंज आयर्न तयार होते. असे तापलेले आणि भरलेले नळकांडे फिरायचे थांबले तर काही वेळातच त्याचे कवच एका बाजूला झुकू लागते, म्हणून तर मुख्य मोटर बंद पडल्यास जनरेटरवर चालणाऱ्या सहायक ड्राइव्हने किल्न हळूहळू फिरवत ठेवण्याची व्यवस्था असते. आता सीपीयू ‘स्टॉप’मध्ये गेला तर वेगळे काही ठरवून दिलेले नसल्यास त्याची सगळी आउटपुट शून्यावर येतात, मुख्य ड्राइव्हची आज्ञा जाते, कवचावरचे हवेचे पंखे थांबतात, फीड, म्हणजे कच्च्या मालाची भर, थांबते. एका तापमानाच्या कार्डाखातर हे सगळे घडू द्यावे काय, असे पूर्वपक्ष विचारतो. उत्तर ‘नाही’ असेच आहे. चूक पुढच्या पायरीवर होते: सगळी मॉड्यूल अनिवार्य ठेवणे घातक ठरले, म्हणून सगळी ऐच्छिक ठेवणे सुरक्षित, असा निष्कर्ष काढला जातो. एक टोक खोटे पडल्याने दुसरे टोक खरे होत नाही, एवढे तर्कशास्त्र शिफ्टच्या गडबडीतही लक्षात राहायला हरकत नसावी.

मुळात पूर्वपक्ष दोन गोष्टी एक धरतो: कंट्रोलर चालू असणे आणि कारखाना ताब्यात असणे. मॉड्यूल ऐच्छिक ठरवल्याने सीपीयूचा हिरवा दिवा जळत राहतो हे खरे. पण त्या मॉड्यूलवरून येणाऱ्या मापांचे काय होते, हा प्रश्न चौकटीत टिक करताना सहसा कोणी विचारत नाही. सीमेन्सच्या प्रणालीत त्यांचे होते असे की ती शून्य होतात. हे शून्य जवळून पाहण्यासारखे आहे.

सीमेन्सच्या मॉड्यूलमध्ये चार ते वीस मिलिअँपिअरचा सिग्नल शून्य ते २७६४८ या आकड्यांत वाचला जातो, म्हणजे चार मिलिअँपिअरचा आकडा शून्य. चार मिलिअँपिअर हे खरे, जिवंत, मोजपट्टीच्या तळाचे माप आहे. चारवरून सुरुवात करण्याची युक्तीच मुळी यासाठी केली गेली की तुटलेली तार आणि तळाचे माप यांत फरक कळावा. वायर-ब्रेकची तपासणी चालू असेल तर तार तुटल्यावर मॉड्यूल ३२७६७ हा अशक्य आकडा देते आणि प्रोग्रामला गडबड कळते. परंतु मॉड्यूलच रॅकमधून निघाले तर प्रोग्रामच्या हाती पडते शून्य, म्हणजे नेमके तेच तळाचे खरे वाटणारे माप. एक तार तुटली तर यंत्रणा ओरडते, आठही तारा ज्या मॉड्यूलला जोडल्या आहेत ते नाहीसे झाले तर ती गप्प बसते, असा उफराटा न्याय या एका टिकेने प्रस्थापित होतो.

आयडी फॅनचे, म्हणजे किल्नमधला वायू खेचून घेणाऱ्या पंख्याचे उदाहरण घेता येईल. त्याच्या बेअरिंगचे तापमान आरटीडी या संवेदकाने मोजतात आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की फॅन ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. आरटीडीची तार तुटली तर ३२७६७ हा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर असल्यामुळे ट्रिप होतो. त्रास होतो, पण पंखा वाचतो. मॉड्यूल गेले आणि ते ऐच्छिक ठरवलेले असले तर बेअरिंगचे तापमान शून्य अंश दिसते. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना फिरत्या पंख्याचे बेअरिंग गोठणबिंदूवर आहे यावर कोणताही फिटर विश्वास ठेवणार नाही. प्रोग्राम मात्र ठेवतो, कारण त्याला फक्त ‘मर्यादेपेक्षा जास्त आहे काय’ एवढेच विचारलेले असते. बेअरिंग जळेपर्यंत उत्तर ‘नाही’ हेच राहील. वायूच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या बॉयलरमध्ये हीच गोष्ट वेगळे रूप घेते: ड्रममधील पाण्याची पातळी शून्य दिसली तर पातळी राखणारे नियंत्रण पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडू लागते आणि ज्या ड्रममध्ये खरे तर पाणी पुरेसे होते तो तुडुंब भरू लागतो. कमी पातळीचा ट्रिप वेळेवर पडला तर निभावते, नाही तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे जाते. शून्य सुरक्षित की घातक, हे मॉड्यूलवर अवलंबून नसून त्या मापाचा उपयोग कशासाठी होतो यावर अवलंबून आहे, आणि ते कॉन्फिगरेशनच्या खिडकीत कुठेही लिहिलेले नसते.

हाच धडा ‘हो किंवा नाही’ एवढेच सांगणाऱ्या डिजिटल सिग्नलच्या बाबतीत अधिक कठोरपणे लागू होतो. संरक्षणाचा संपर्क, म्हणजे काँटॅक्ट, दोन प्रकारे जोडता येतो. एका प्रकारात सगळे ठीक असताना सिग्नल एक असतो आणि बिघाड झाला की शून्य होतो. दुसऱ्यात ठीक असताना शून्य आणि बिघाडात एक. पहिल्या प्रकारात तार तुटो, फ्यूज उडो की मॉड्यूल जावो, परिणाम ट्रिप हाच; सुरक्षा-अभियांत्रिकीत वीज गेली तरी यंत्र सुरक्षित अवस्थेकडे जावे असे जे तत्त्व मानले जाते ते हेच. दुसऱ्या प्रकारात मॉड्यूल गेल्याची बातमी ‘सगळे ठीक’ अशी पोहोचते. ज्या पॅनेलमध्ये दोन्ही प्रकारचे वायरिंग एकाच मॉड्यूलवर मिसळलेले आहे, आणि वाढीव कामे होत होत उभ्या राहिलेल्या पॅनेलांत असे मिसळलेले असणे मुळीच विरळा नाही, तिथे ते मॉड्यूल ऐच्छिक ठरवणे म्हणजे अर्ध्या इंटरलॉकना, म्हणजे संरक्षणाच्या अटींना, न सांगता बायपास करणे होय. बायपास करायचा तर त्यासाठी परवानगीचा कागद लागतो, सही लागते, मुदत लागते. टिकेला यातले काहीच लागत नाही.

इथे रायपूरच्या संदर्भात एक गोष्ट बोलणे भाग आहे, कारण ती कारखान्याच्या कुंपणाबाहेर जाते. किल्नमधून निघणारा वायू आफ्टर-बर्निंग चेंबरमध्ये जाळून बॉयलरमधून आणि मग धूळ पकडणाऱ्या ईएसपीमधून चिमणीकडे नेला जातो. आणीबाणीत तो थेट वर सोडण्यासाठी चेंबरच्या माथ्यावर एक स्टॅक कॅप, म्हणजे उघडणारे झाकण असते. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्न कारखान्यांसाठी केंद्राने २००८ साली अधिसूचित केलेल्या मानकानुसार धूलिकणांची मर्यादा प्रति सामान्य घनमीटर १०० मिलिग्रॅम आहे. झाकण उघडे असताना वायू ईएसपीमधून जातच नाही, त्यामुळे या मर्यादेला तिथे काही अर्थ राहत नाही. झाकण बंद आहे हे सांगणारा लिमिट स्विच आणि ईएसपी चालू असल्याचा सिग्नल ज्या मॉड्यूलवर येतात, ते मॉड्यूल ‘ऐच्छिक’ या सदरात टाकणे हा केवळ तांत्रिक निर्णय राहत नाही. सिलतऱ्याच्या आसपासच्या गावांत छपरांवर आणि तुळशीवृंदावनांवर बसणारी काळी धूळ कुठल्या कार्डामुळे आली हे कोणी सांगू शकणार नाही. पण धूळ येते आहे हे सांगणारे कार्ड गप्प असले तरी चालेल असे लिहून ठेवण्याचा अधिकार प्रोग्रामरला कोणी दिला, हे विचारता येते.

यावर पूर्वपक्ष आपला दुसरा आधार पुढे करतो: उत्पादक कंपन्यांनीच पर्यायी मॉड्यूलची सोय दिली आहे, मग ती वापरण्यात दोष कसला? हा आधार सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी टिकतो. सीमेन्स ज्याला कॉन्फिगरेशन कंट्रोल म्हणते त्या सोयीत अभियंता आधी जास्तीत जास्त मॉड्यूल असलेली एक पूर्ण मांडणी करतो आणि मग प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्षात कोणती खाच भरलेली आहे हे प्रोग्राम १९६ क्रमांकाच्या डेटा रेकॉर्डद्वारे कळवतो. मुख्य रॅकच्या बाबतीत हे कळवणे सीपीयू सुरू होतानाच करावे लागते. पूर्ण मांडणीत ही सोय चालू केली आणि वैध रेकॉर्ड दिलेच नाही तर एस७-१५०० सुरू होण्याऐवजी स्टॉपमध्ये परततो. म्हणजे ज्या सोयीचा दाखला देऊन मौन विकत घेतले जाते ती सोय मौन चालवूनच घेत नाही. तिच्यात अनुपस्थिती जाहीर करावी लागते आणि एकदा ‘ही खाच भरलेली आहे’ असे जाहीर केले की ते मॉड्यूल इतर कोणत्याही मॉड्यूलइतकेच तपासले जाते. नंतर ते निघाले तर त्याची तक्रार होतेच. जाहीर केलेली अनुपस्थिती आणि दुर्लक्षिलेली अनुपस्थिती यांना एकाच ‘ऑप्शनल’ या शब्दाने संबोधणे, इथेच सगळा घोटाळा आहे.

या सोयीचे खरे क्षेत्र कोणते, हे छत्तीसगडला शिकवायची गरज नाही. धानाच्या या मुलखात राइस मिलची एकच यंत्रणा एका ठिकाणी पॉलिशरसह आणि दुसऱ्या ठिकाणी त्याविना बसते, कुठे रंगानुसार तांदूळ निवडणारे सॉर्टर असते आणि कुठे पुढच्या हंगामात घेऊ असे मालक म्हणतो. अशा वेळी एकच प्रोग्राम, एकच पूर्ण मांडणी आणि प्रत्येक मिलसाठी वेगळी जाहीर यादी, ही रीत उत्तम आहे. तिने प्रोग्रामच्या दहा भिन्न प्रती सांभाळण्याचा वैताग वाचतो. किल्नच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवलेल्या खाचांनाही तीच लागू पडते. मात्र इथे पर्याय यंत्राला आहे, यंत्र बसल्यावर त्याच्या संरक्षणाला नाही.

या प्रश्नाला सध्या एक तातडीही आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सीमेन्सने एस७-३०० ही मालिका टप्प्याटप्प्याने बंद करण्यास आरंभ केला आणि त्यामुळे जुन्या पॅनेलांचे एस७-१५०० वर स्थलांतर पुढची काही वर्षे चालू राहणार आहे. एस७-३०० मध्ये बसवर जोडलेले एखादे स्टेशन नाहीसे झाले किंवा थेट वाचलेला पत्ता सापडला नाही, तर त्या प्रसंगासाठीचा ठरलेला ब्लॉक, अनुक्रमे ओबी ८६ आणि ओबी १२२, प्रोग्राममध्ये नसल्यास सीपीयू स्टॉपमध्ये जात असे. यावर धंद्याने शोधलेला तोडगा म्हणजे हे ब्लॉक रिकामे टाकणे: आत एक ओळही न लिहिता केवळ ब्लॉक अस्तित्वात ठेवायचा, की सीपीयू थांबत नाही. पॅनेलवरचा लाल ‘एसएफ’ दिवा तेवढा जळत राहतो आणि काही दिवसांनी तोही देवघरातल्या समईसारखा नेहमीचा होऊन जातो. एस७-१५०० मध्ये हे ब्लॉक नसले तरी सीपीयू चालूच राहतो. म्हणजे ज्या कारखान्याने रिकामे ब्लॉक न टाकता थांबण्याची शिस्त जाणीवपूर्वक राखली होती, त्याचा प्रोग्राम जसाच्या तसा नव्या सीपीयूवर नेल्यास ती शिस्त कोणाच्याही निर्णयाविना गळून पडते. स्थलांतराच्या कामात पत्ते जुळले, मापे जुळली, स्क्रीन जुळले याची तपासणी होते. कोणते मॉड्यूल गेल्यावर यंत्र काय करत होते आणि आता काय करते, याची तपासणी त्याच यादीत असायला हवी.

पूर्वपक्षाचा सुट्या भागांचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. हाताशी असलेले कोणतेही कार्ड चालावे म्हणून खाचेत ठरवलेलेच मॉड्यूल आहे ना ही ओळख-तपासणीच बंद करावी, असे सांगितले जाते. रॉकवेलच्या प्रणालीत या तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत: तंतोतंत तेच मॉड्यूल, सुसंगत मॉड्यूल, आणि तपासणी बंद. मधली पायरी याच अडचणीसाठी आहे, आणि शेवटच्या पायरीबद्दल कंपनी स्वतःच इजा व नुकसानीचा इशारा देते. यापुढे वाद उरत नाही.

रात्रपाळीचा मुद्दा मात्र माणसांचा आहे आणि म्हणून अधिक सहानुभूतीने ऐकायला हवा. रात्री दोन वाजता सीपीयू थांबला तर लॅपटॉप असलेला इंजिनिअर भिलाईहून किंवा नागपूरहून येईपर्यंत पाळीवरच्या माणसांनी काय करायचे? याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही ऑप्शनलच्या टिकेपेक्षा स्वस्त आहेत. पहिले असे की, सीपीयू थांबल्यावर आउटपुटने शून्यावर यावे, शेवटची स्थिती राखावी की ठरवून दिलेली किंमत घ्यावी, हे अनेक आउटपुट मॉड्यूलमध्ये चॅनेलगणिक निवडता येते, त्यामुळे किल्न फिरत ठेवण्याचा प्रश्न तिथेच, आणि त्याहून खात्रीने तारांनी जोडलेल्या सहायक ड्राइव्हच्या साखळीत सोडवता येतो. दुसरे असे की, मॉड्यूल गेल्याचे सीपीयूने ओळखून स्वतः चालू राहावे, पण त्या मॉड्यूलवरच्या प्रत्येक सिग्नलसाठी काय करायचे ते प्रोग्रामने करावे: या बेअरिंगसाठी ट्रिप, त्या मापासाठी केवळ इशारा, या इंटरलॉकसाठी फीड बंद आणि फिरणे चालू, आणि स्क्रीनवर पाळीवरच्या माणसाला समजेल अशा हिंदीत ‘अमुक पॅनेल, अमुक खाच’ एवढे स्पष्ट लिहिलेले. अनिवार्य की ऐच्छिक हा प्रश्न असा मॉड्यूलवरून सिग्नलवर उतरला पाहिजे, कारण प्रक्रियेला मॉड्यूल ठाऊक नसतात.

बॉयलरच्या कायद्याने हे शहाणपण फार पूर्वी ओळखले होते. १९५० च्या भारतीय बॉयलर नियमावलीत पाण्याची पातळी दाखवणारी दोन साधने, सुरक्षा व्हॉल्व्ह, दाबमापक ही बॉयलरला असलीच पाहिजेत असे लिहिले आहे, आणि ती नसली तर काय चालेल याचा निर्णय बॉयलर बसवणाऱ्या मिस्त्रीवर सोडलेला नाही. त्याच बॉयलरच्या शेजारच्या पॅनेलमध्ये पातळीच्या ट्रान्समीटरचे मॉड्यूल मात्र कमिशनिंगच्या शेवटच्या रात्री, लाल दिवा विझावा म्हणून, ऐच्छिक होऊ शकते. हा निर्णय प्रक्रिया सांभाळणाऱ्याचा आहे, यंत्रणा बसवून देणाऱ्या इंटिग्रेटरचा नाही. आणि तो आय-ओ लिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या चॅनेलवर कोणता सिग्नल आहे हे सांगणाऱ्या यादीत, ‘मॉड्यूल गेल्यास’ अशा एका स्तंभात कारणासह लिहून, पॅनेलला वीज देण्याआधी सही करून पक्का झाला पाहिजे.

त्या स्तंभाची अंमलबजावणी करायला नवे यंत्र लागत नाही. सीमेन्सच्या ईटी २००एसपीसारख्या प्रणालीतील अनेक मॉड्यूलना ‘व्हॅल्यू स्टेटस’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की प्रत्येक चॅनेलबरोबर एक जादा बिट येते, जे माप खरे असेल तेव्हा एक असते आणि मॉड्यूल नसेल तेव्हा बाकी सगळ्यासारखेच शून्य होते, म्हणजे इथे शून्याचा अर्थच ‘विश्वास ठेवू नका’ असा ठरवलेला आहे. आठ चॅनेलच्या मॉड्यूलमागे त्याला एक बाइट जागा लागते.